लेखकाचे दप्तर कोठे असावे?

बेळगाव-निपाणी भागातील शिक्षकांच्या मेळाव्यांतून अलीकडे एक प्रश्न वारंवार कानी पडतो. कोणी गावोगाव हिंडून जात्यावरच्या ओव्या जमविलेल्या असतात. कोणी वीस-पंचवीस वर्षे स्थानिक पत्रांतून स्फुटे लिहिलेली असतात. कोणापाशी कडोली, येळ्ळूर, उचगाव, सांबरा येथील ग्रामीण साहित्यसंमेलनांत केलेल्या भाषणांच्या वह्या असतात. सेवानिवृत्तीनंतर हे सारे नीट लावून जालावर ठेवावे, त्यासाठी पुण्या-मुंबईच्या कोणा संपादकाच्या होकाराची वाट पाहत बसू नये, असे त्यांना वाटू लागते. आणि ते योग्यच आहे. मग ते विचारतात, "ह्या कामी सर्वांत सोपे साधन कोणते?"

प्रश्न अगदी स्वाभाविक आहे. तथापि तो ज्या रीतीने विचारला जातो, त्या रीतीतच चुकीच्या उत्तराचे बीज असते. सोपे साधन कोणते, हे शाळेतला कोणताही मुलगा हातातल्या फोनवर पाच मिनिटांत दाखवून देईल. विचारावयास हवे ते निराळेच : हे साधन उद्या बंद पडले, तर माझ्या हाती काय उरेल? ह्या एका कसोटीवर निरनिराळी साधने घासून पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आरंभी एका शब्दाचा खुलासा केला पाहिजे. जालावरील अशा वैयक्तिक लेखनस्थानास मराठीत 'अनुदिनी' म्हणण्याचा प्रघात पडला आहे. शब्द गोड आहे. परंतु त्यात रोज लिहिण्याची सक्ती ध्वनित होते, आणि ज्यांचे चाळीस वर्षांचे लेखन आधीच कपाटात आहे त्यांस तो लागू पडत नाही. म्हणून येथे मी 'दप्तर' हा आपला जुना शब्द वापरतो. देशपांडे-कुलकर्ण्यांच्या घरी रुमालात बांधलेले कागद असत, ते नुसते लिहिण्यासाठी नव्हे, तर लागतील तेव्हा सापडावेत म्हणून. हा अर्थ आपल्याला हवा आहे.

आता कसोटीकडे वळू. जी. ए. कुलकर्णी ह्यांचे शिक्षण बेळगावात झाले आणि पुढील आयुष्याचा मोठा भाग धारवाडात गेला. त्यांच्या कथा छापल्या जात मुंबईच्या 'सत्यकथे'त. लेखक येथे आणि व्यासपीठ तेथे, अशी ही व्यवस्था होती. सीमाभागातील लेखकाला तीच ठाऊक होती. १९८२ साली 'सत्यकथा' बंद झाली. ज्यांना ते एक मासिक म्हणजे सगळे साहित्यविश्व वाटत होते, त्यांस हळहळ वाटली. परंतु त्या दिवशी एकही छापलेली कथा नाहीशी झाली नाही. अंक ग्रंथालयांत होते, वाचकांच्या माळ्यांवर होते, रद्दीच्या दुकानांतही होते. त्याआधी पन्नाशीच्या दशकात निघालेल्या 'शब्द' ह्या अनियतकालिकाचेही तेच. ते मेणकागदावर टंकून चक्रमुद्रित केलेले, मोजक्या प्रतींचे. पण संग्राहकांकडे त्याचे अंक राहिले आणि अभ्यासकांस ते पाहता आले. छापील व्यासपीठ मेले तरी त्याची अपत्ये जगत.

जालावरील व्यासपीठाची रीत ह्याच्या नेमकी उलट आहे. जिओसिटीज ह्या स्थळावर लक्षावधी लोकांनी आपापली पाने उभारली होती. २००९ साली ते स्थळ बंद झाले (जपानमधील त्याची शाखा तेवढी २०१९पर्यंत चालली). ऑर्कुटवर आपल्याकडील तरुणांनी मनोभावे लिहिले. ते २०१४ साली मिटले. गूगल प्लस २०१९ साली संपले. ह्या तिघांच्या मागे लहानसहान दुकाने नव्हती, मोठ्या धनवान कंपन्या होत्या, हे लक्षात घ्यावे. त्यांनी आगाऊ सूचना दिली नाही असेही नव्हे. सूचना मिळाली, मुदतही मिळाली. पण ज्यांनी आपले लेखन उतरवून घेतले नाही, त्यांचे ते गेले. मासिकाच्या लाखभर प्रती लाखभर घरी असतात, आणि जालावरील लेख लाख लोकांनी वाचला तरी मूळ जागी एकच असतो. हा भेद एकदा मनात ठसला, की साधनांची निवड पुष्कळशी आपोआप होते.

परंतु व्यासपीठाचा विचार करण्यापूर्वी अक्षराचा विचार केला पाहिजे. कारण सीमाभागातील मराठी लेखनाचे सर्वांत मोठे नुकसान व्यासपीठे बंद पडल्याने झालेले नसून अक्षरे मुकी झाल्याने झालेले आहे. संगणकास अक्षर कळत नाही; त्याला केवळ संख्या कळतात, आणि कोणत्या संख्येस कोणते अक्षर समजावयाचे ह्याचा एक संकेत ठरलेला असावा लागतो. नव्वदीच्या दशकात आपल्या छापखान्यांतून संगणक आले, तेव्हा देवनागरीसाठी सर्वमान्य संकेत व्यवहारात रुळलेला नव्हता. टंकनिर्मात्यांनी एक युक्ती केली : इंग्रजी अक्षरांसाठी ठरलेल्या संख्याच घेतल्या आणि त्यांवर देवनागरी आकृत्या चढविल्या. यंत्राच्या दृष्टीने तो मजकूर रोमन अक्षरांचा व विरामचिन्हांचा गोंधळच होता. विशिष्ट टंक बसविलेला असला म्हणजे तो डोळ्यांना मराठी दिसे, एवढेच. शिवाय प्रत्येक निर्मात्याचा संकेत निराळा. टंक गेला की मजकूर असून नसल्यासारखा.

मी स्वतः २००३ साली एका ग्रामीण संमेलनाच्या स्मरणिकेचे काम पाहिले होते. तिच्या संगणकीय प्रती मी जपून ठेविल्या आणि पंधरा वर्षांनी उघडल्या, तेव्हा पानभर रोमन अक्षरे, कंस आणि अर्धविराम ह्यांची रांगोळी दिसली. माझी अवस्था मोडी न येणाऱ्या वारसाच्या हाती आजोबांचे दप्तर यावे, तशी झाली. फरक इतकाच की मोडी वाचणारा शोधला तर सापडतो, आणि त्या टंकाचा संकेत जाणणारा कोण हे मला महिनाभर समजेना. गंमत पाहा, २०१४ साली मोडी लिपीलाही युनिकोडमध्ये स्वतःची जागा मिळाली. शिवकालीन लिपी यंत्राला कळू लागली आणि वीस वर्षांपूर्वीची आमची स्मरणिका कळेनाशी झाली!

युनिकोड हा आज सर्वत्र चालणारा संकेत. १९९१ साली त्याची पहिली आवृत्ती निघाली. देवनागरीसाठी त्यात १२८ स्थानांचा एक गट राखलेला आहे आणि त्याची मांडणी भारतात आधी तयार झालेल्या 'इस्की' ह्या संकेतावरून घेतलेली आहे. त्यात 'क' हा 'क'च असतो. टंक कोणताही लावा, तो 'ख' होत नाही. मराठीच्या खास गरजाही हळूहळू भागल्या. 'ॲ' हे अक्षर २००८ साली स्वतंत्रपणे दाखल झाले. 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर' ह्यांतील अर्धचंद्राकृती रकार नुक्त्याच्या 'ऱ'ला हलन्त जोडून साधतो. ज्यांना ही जोडणी ठाऊक नाही ते 'दुसर्या' असे लिहून मोकळे होतात, आणि 'आचार्यांना' व 'आचाऱ्यांना' ह्यांतला भेद नाहीसा होतो. गुरुवर्यांना स्वयंपाकघरात पाठविणारे हे लेखन शिक्षकांनी तरी करू नये.

तेव्हा पहिले काम असे की, जुना मजकूर युनिकोडमध्ये आणावा. ह्यासाठी रूपांतराची साधने मिळतात. मात्र रूपांतर झाल्यावर रफार, जोडाक्षरे आणि ऱ्हस्व इकार डोळ्यांखालून घालणे अटळ असते. आपला मजकूर कोणत्या जातीचा, हे ओळखण्याची एक सोपी परीक्षा आहे. संगणकावरील एक ओळ उचलून कोणाही मित्रास संदेश म्हणून पाठवावी. त्याच्या फोनवर ती मराठी उमटली तर चिंता नाही. चिन्हांचा कचरा उमटला तर ती जुन्या संकेतातली. पीडीएफ स्वरूपातील धारिका दिसावयास निर्दोष असतात, म्हणून त्यांच्याबाबत तर ही परीक्षा अवश्य करावी. पुष्कळदा आत जुनाच संकेत लपलेला असतो. पान दिसते, पण त्यातील एकही शब्द शोधून सापडत नाही.

आता लेखणीचा प्रश्न. ज्यांनी टंकलेखनयंत्रावर हात बसविला आहे त्यांना रेमिंग्टन मांडणी सोडवत नाही. त्यांनी ती सोडू नये. फोनवर लिहिणारे बहुतेक लोक रोमन अक्षरांतून मराठी उमटविणारी रीत वापरतात. तिच्यात लहानमोठ्या रोमन अक्षरांचा किंवा सुचविलेल्या शब्दांतून निवडीचा घोळ राहतो, आणि 'न-ण', 'ल-ळ' ह्यांच्या चुका शिरतात. नव्याने शिकणाऱ्यास मी निःशंकपणे 'इन्स्क्रिप्ट' ही भारतीय मानक मांडणी सुचवीन. तीत स्वर व मात्रा डाव्या हाताला, व्यंजने मुख्यत्वे उजव्या हाताला. इंग्रजी 'के'च्या कळीवर 'क', 'सी'च्या कळीवर 'म', 'एन'च्या कळीवर 'ल' आणि तीच कळ शिफ्टसह दाबली की 'ळ'. शिफ्टसह 'जे' दाबले की नुक्त्याचा 'ऱ' मिळतो, 'डी'वर हलन्त आहे. म्हणजे वर सांगितलेला 'ऱ्य' तीन कळांत होतो.

परंतु ही मांडणी आमच्या भागाला विशेष सोयीची आहे ती दुसऱ्याच कारणाने. ती सर्व भारतीय लिप्यांसाठी एकच आहे. ज्या कळीवर मराठीत 'क' आहे, त्याच कळीवर कन्नड लिपीतला 'क' आहे. 'म', 'ल', 'ळ' ह्यांच्याही जागा त्याच. कन्नडातील ऱ्हस्व ए आणि ऱ्हस्व ओ ह्यांच्यासाठी तेवढ्या वेगळ्या कळा लक्षात ठेवाव्या लागतात. बेळगावातील शिक्षकाला शाळेचे पत्र कन्नडात आणि लेख मराठीत लिहावा लागतो. त्याने एकदा बोटांना ही सवय लावली, की दोन्ही लिप्या एकाच शिकवणीत हाती येतात. दोन भाषांचे सख्य अनेक व्याख्यानांनी साधले नाही, ते एका कळफलकाने निदान बोटांपुरते साधले आहे.

बोलून लिहिण्याची सोयही आता फोनवर आहे आणि वृद्ध लेखकांना ती वरदान वाटते. प्रमाण मराठीत स्पष्ट बोलले तर ती बरे काम करते. सीमाभागाच्या बोलीपुढे मात्र ती गडबडते, आणि ह्यापेक्षा वाईट म्हणजे, न विचारता सुधारणा करते. आमच्याकडे "मी पुस्तक वाचलो", "मी भाकरी खाल्लो" असे सर्रास म्हणतात. कर्त्याप्रमाणे क्रियापद चालविण्याच्या ह्या रीतीत कन्नडचा शेजार ऐकू येतो. पुण्याचा वाचक हसून विचारील, "पुस्तकातून वाचलास म्हणजे, बुडत होतास काय?" त्याचे हसणे क्षणाचे, यंत्राची दुरुस्ती कायमची. शब्द सुचविणारी व चुका सुधारणारी साधने प्रमाणभाषेच्या लेखनावर पोसलेली असतात, आणि बोलीतले रूप त्यांना चूकच वाटते.

ही गोष्ट क्षुल्लक नाही. निपाणीचे महादेव मोरे पिठाची गिरणी चालवीत आयुष्यभर लिहीत राहिले. २०२४ साली ते निवर्तले. त्यांच्या कथा-कादंबऱ्यांतील चालक, कामगार, तंबाखूच्या पेठेतली कष्टकरी माणसे ह्यांचे बोलणे हाच त्या लेखनाचा प्राण आहे. असा मजकूर आपोआप सुधारणाऱ्या साधनाच्या हाती दिला, तर व्याकरण राहील आणि निपाणी जाईल. म्हणून ओव्या, म्हणी, संवाद टंकिताना ही स्वयंसुधारणा बंद ठेवावी. ओव्यांच्या बाबतीत शक्य असल्यास आवाजही ध्वनिमुद्रित करून सोबत ठेवावा. गळ्याची वळणे कोणत्याही संकेतात बसत नाहीत.

लिहिलेले ठेवावयाचे कशात, ह्याविषयी थोडक्यात सांगतो. प्रत्येक लेखाची मूळ प्रत साध्या मजकुराच्या धारिकेत, म्हणजे कोणत्याही सजावटीविना, स्वतःच्या संगणकावर असावी. नावात वर्ष व महिना असावा. मथळे व तिरपी अक्षरे दाखविण्यासाठी २००४ साली निघालेली 'मार्कडाऊन' नावाची साधी खुणांची पद्धत पुरेशी आहे. ती एका तासात येते. ही मूळ प्रत. जालावर दिसते ती तिची नक्कल. पुष्कळ लोक थेट व्यासपीठावरच लिहितात आणि नक्कल हीच मूळ समजून निर्धास्त राहतात, तेथे घात होतो.

आता व्यासपीठांविषयी. फेसबुक आणि व्हॉट्सॲप ह्यांवर आमच्याकडील बहुतेक लेखन आज होते, कारण वाचक तेथे आहेत. मी त्यांस नावे ठेवणार नाही. परंतु तेथे गेल्या वर्षीचा लेख शोधणे म्हणजे मार्कंडेयच्या पुरात पडलेला लोटा शोधणे आहे. बाहेरच्या शोधयंत्रास तेथील बराच मजकूर दिसत नाही, आणि व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या लेखाचे तर चौथ्या हस्तांतरास लेखकाचे नावही गळून पडते. दवंडी पिटण्यासाठी ही साधने उत्तम होत. मात्र दवंडीवाल्याच्या डफात कोणी दप्तर ठेवीत नाही. 'मायबोली'सारखी १९९६पासून चालत आलेली सामायिक मराठी स्थळे ह्याहून वेगळी. तेथे जाणता वाचक भेटतो आणि चर्चाही होते. लेखनाची एक प्रत तेथे जरूर द्यावी. तरीही घर ते दुसऱ्याचे.

स्वतःच्या दप्तरासाठी व्यवहारात तीन मार्ग आहेत. पहिला ब्लॉगरचा. ही सेवा १९९९ साली सुरू झाली आणि २००३पासून गूगलकडे आहे. ती विनामूल्य आहे, देखभाल करावी लागत नाही, स्वतःचा पत्ता तिला जोडता येतो आणि सारे लेखन एका धारिकेत उतरवून घेता येते. त्या धारिकेत छायाचित्रे स्वतः नसतात, त्यांचे केवळ दुवे असतात, हे पुष्कळांस माहीत नसते. छायाचित्रांची प्रत वेगळी ठेवावी. दुसरा मार्ग वर्डप्रेसचा, आणि येथे एक गोंधळ नेहमी होतो. वर्डप्रेस हे नाव दोन वस्तूंना आहे. एक म्हणजे २००३ साली निघालेली मुक्त आज्ञावली. ती कोणीही घ्यावी, कोणत्याही भाड्याच्या यंत्रावर बसवावी. दुसरी म्हणजे त्याच नावाची तयार सेवा. तीत जागा फुकट मिळते, पण स्वतःचा पत्ता जोडण्यास पैसे पडतात. मुक्त आज्ञावलीचा मोठा गुण हा की, एका भाडेकऱ्याने घर बदलावे तसे दप्तर एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेता येते. दोष हा की ती वेळोवेळी अद्ययावत करावी लागते. दोन वर्षे दुर्लक्ष केले की आत चोर शिरतात, आणि ओव्यांच्या पानावर औषधांच्या जाहिराती दिसू लागतात.

तिसरा मार्ग तयार पानांचा. साध्या मजकुराच्या धारिकांवरून ह्यूगो किंवा जेकिल ह्यांसारख्या आज्ञावलींनी सगळी पाने एकदाच तयार करून घ्यावयाची आणि कोठेही नेऊन ठेवावयाची. ह्यात बिघडण्यासारखे जवळजवळ काही नसते. आमच्या कसोटीवर हा मार्ग सर्वांत खरा उतरतो, कारण मूळ प्रत पूर्णपणे आपल्या हाती राहते. पण त्यासाठी एखादा जाणता विद्यार्थी हाताशी हवा. तो नोकरीनिमित्त बंगळुरास गेला की काम अडते. तेव्हा ज्याच्यापाशी असा सहकारी नाही, त्याने उगाच भरीस पडू नये. ब्लॉगरवर आपला पत्ता जोडावा आणि दर तीन महिन्यांनी सर्व लेखन उतरवून घ्यावे. मला स्वतःला हा मध्यम मार्ग बहुतेक शिक्षकांसाठी पुरेसा वाटतो.

व्यासपीठ कोणतेही घ्या, दोन लहान गोष्टी पाहाव्यात. पानाची भाषा मराठी आहे, हे यंत्रास कळविण्याची एक खूण असते; ती न केल्यास देवनागरी पाहून ते हिंदी आहे असे समजले जाण्याचा संभव असतो. मग 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे उमटतात, आणि वाचून दाखविणारे यंत्र उच्चारही हिंदीचे करते. २००९ साली महाराष्ट्र शासनाने मराठी वर्णमालेची व अक्षररूपांची निश्चिती केली आहे. ती रूपे हवी असतील तर मराठीची सोय असलेला टंक निवडावा. 'एक टाइप' ह्या संस्थेचा मुक्त परवान्याचा 'मुक्त' हा टंक त्या दृष्टीने चांगला आहे.

पत्त्याचा विषय मात्र जरा सावकाश पाहिला पाहिजे. पत्ता आणि जागा ह्या दोन गोष्टी वेगळ्या असतात, हे सीमाभागातील माणसास समजावून सांगावे लागत नाही. निपाणी शहर कर्नाटकात. तेथील मुले ज्या देवचंद महाविद्यालयात शिकतात, ते शहराला लागूनच असलेल्या अर्जुननगरात, म्हणजे महाराष्ट्रात. जालावरही असेच आहे. पत्ता हा आपल्या नावाने नोंदलेला असतो आणि लेखन कोणत्या तरी दूरदेशीच्या यंत्रावर असते. पत्ता आपला असेल, तर यंत्र बदलले तरी वाचकास कळतही नाही. पत्ता सेवेने दिलेला असेल, तर सेवेसोबत तो जातो आणि त्याला जोडलेले सगळे दुवे आंधळे होतात. म्हणून व्यासपीठावर एक पैसाही न खर्चिणाऱ्याने पत्त्याचे वार्षिक शुल्क मात्र भरावे. तो पत्ता स्वतःच्या नावे नोंदवावा. ज्या भाच्याने किंवा दुकानदाराने पान करून दिले त्याच्या नावे नव्हे. ह्या एका हलगर्जीमुळे स्वतःच्याच दप्तराला पारखे झालेले लेखक मी पाहिले आहेत.

देवनागरी पत्ता घ्यावा काय? २०१४पासून '.भारत' हा देवनागरी प्रत्यय उपलब्ध आहे आणि आपल्या लिपीतला पत्ता पाहून मन प्रसन्न होते. अडचण अशी की अनेक ठिकाणी अजून तो स्वीकारला जात नाही, आणि नकलून पाठविला की त्याचे रोमन अक्षरांचे अनाकलनीय रूप बाहेर येते. लेखांच्या दुव्यांतही देवनागरी मथळा आला की हीच गत. टक्क्यांच्या चिन्हांची हातभर लांब शेपटी तयार होते. माझा सल्ला, अभिमानास थोडा आवर घालून, असा आहे : मुख्य पत्ता रोमन अक्षरांत, दुवे लहान व वर्षानुसार, देवनागरी पत्ता परवडल्यास जोडीला घ्यावा.

दुव्यात गावाचे नाव घालण्यापूर्वीही विचार करावा. १ नोव्हेंबर २०१४पासून कर्नाटक शासनाच्या व्यवहारात आमच्या शहराचे नाव 'बेळगावी' झाले. मराठी लेखक 'बेळगाव' लिहितो. आणि १९६२ सालच्या शुद्धलेखनाच्या नियमांपूर्वीच्या लेखनात 'बेळगांव' असा अनुस्वार असे, जो अनेकांच्या हातून अद्याप सुटलेला नाही. १९४६ साली ग. त्र्यं. माडखोलकर ह्यांच्या अध्यक्षतेखाली येथे भरलेल्या आणि संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीमुळे इतिहासात गेलेल्या संमेलनाविषयी कोणी शोध घेऊ लागला, तर तो ह्या तीनपैकी कोणते रूप टंकील हे सांगता येत नाही. ह्याला उपाय सोपा आहे. लेखात आपल्या पसंतीचे रूप वापरावे आणि लेखाखालील विषयसूचीत तिन्ही रूपे द्यावीत. वाचकाला राजकारण विचारीत बसू नये. त्याला लेख सापडू द्यावा.

शेवटचा प्रश्न लेखकाच्या पश्चात काय, हा. १९५४च्या कायद्याप्रमाणे छापील पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयास पाठविणे प्रकाशकावर बंधनकारक आहे. जालावरील वैयक्तिक दप्तरास असे सरकारी माहेर नाही. १९९६ साली स्थापन झालेली इंटरनेट अर्काइव्ह ही अमेरिकेतील संस्था जालावरील पानांच्या प्रती जतन करते, आणि आपले पान तेथे जतन व्हावे म्हणून कोणासही त्याचा पत्ता देता येतो. नवा लेख टाकला की हे करावे. दोन मिनिटांचे काम आहे. तरी त्या एकीवर भिस्त ठेवू नये. वर्षाअखेर सर्व लेख कागदावर उतरवून एक बाड शिवावे व जवळच्या वाचनालयाने स्वीकारल्यास तेथे द्यावे, हे मी जुन्या चालीचा म्हणून सांगत नाही. ज्या एका साधनाने आजवर सर्वांत कमी दगा दिला, त्याचा लाभ का सोडावा?

आपल्या कायद्याने लेखकाचा स्वामित्वहक्क मृत्यूनंतर साठ वर्षे वारसांकडे राहतो. पत्त्याचे शुल्क मात्र दरवर्षी भरावे लागते. ह्या दोन मुदतींमधील अंतर फार मोठे आहे, आणि पुष्कळ दप्तरे त्यातच बुडतात : लेखक जातो, परवलीचा शब्द कोणास ठाऊक नसतो, शुल्काची आठवण त्याच्याच बंद पडलेल्या टपालपेटीत येऊन पडते, आणि वर्षभरात पत्ता दुसऱ्याच्या हाती जातो. म्हणून एका पाकिटात पत्ता कोठे नोंदला आहे, शुल्क कोणत्या महिन्यात भरावयाचे, परवलीचा शब्द कोणता आणि मूळ धारिका कोणत्या पेटीत आहेत, एवढे शाईने लिहून ते घराच्या सातबाऱ्यासोबत ठेवावे, आणि ते तेथे आहे हे घरातील दोघांना तरी सांगावे.